ताई, त्या एका ‘डब्ल्यू’साठी

आदरणीय ताई,

धरमपेठेत तुमच्या टेबलाशी बसवून, कूलरच्या घरघरीत, तुम्ही आम्हाला लिनक्स कर्नलमधलं (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातलं) एकच काम पुन्हा पुन्हा करून दाखवलंत: सगळ्यांसाठीचं फंक्शन एखाद्या आर्किटेक्चरपुरतं (एका प्रकारच्या प्रोसेसरपुरतं, थोडक्यात ‘आर्च’पुरतं) बदलायचं कसं. त्याबद्दल मनापासून आभार. नागपुरात हे शिकणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून पत्र तपशिलासकट आणि सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

त्यातला ‘वीक’चा मार्ग, म्हणजे त्याच नावाचं साधं फंक्शन मिळालं की बाजूला होणारं फंक्शन, फार सोपा वाटतो. सामान्य फाइलमधल्या फंक्शनला वीक लावायचं, आर्चच्या फोल्डरमध्ये त्याच नावाचं साधं फंक्शन लिहायचं. कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर साधं घेतो. पण मेकफाइलमध्ये (काय काय कंपाइल करायचं त्या यादीत) त्या फाइलचं ऑब्जेक्ट जोडायचं राहिलं, किंवा नावात एक अक्षर चुकलं, तरी लिंकर हूं की चूं करत नाही. तुमचं ‘आर्च_सीपीयू_आयडल’चं उदाहरण आम्ही विसरणार नाही. त्याचं वीक रूप सीपीयूला झोपवत नाही, रिकाम्या वेळी फिरत ठेवतं. मशीन बूट होतं, सगळं चालतं, फक्त काम नसतानाही कोअर तापलेले. आणि नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या लॅपटॉपचा दोष आपण उन्हाला देऊन मोकळे होतो!

म्हणून तुमची तपासणी: बिल्ड झाल्यावर तयार कर्नलच्या व्हीएमलिनक्स फाइलवर ‘एनएम’ (फाइलमधल्या नावांची यादी देणारी आज्ञा) चालवायचं आणि ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने पूर्ण नाव शोधायचं. नावाआधी ‘टी’ असेल तर आर्चचं फंक्शन लागलं, ‘डब्ल्यू’ असेल तर वीकच राहिलं. पूर्ण नावच शोधायचं, कारण याच नावाला ‘प्रिपेअर’, ‘एक्झिट’ अशी शेपटं असलेली फंक्शनंही असतात आणि आर्चने ती दिली नसतील तर तिथं ‘डब्ल्यू’ असणं बरोबरच आहे.

फंक्शनचा प्रोटोटाइप (त्याचं नाव आणि आर्ग्युमेंट सांगणारी ओळ) एकाच हेडर फाइलमध्ये ठेवून दोन्ही फाइलींनी तो इन्क्लूड करायचा. मग आर्ग्युमेंट जुळली नाहीत तर कंपायलर तिथंच अडवतो. मात्र त्या प्रोटोटाइपवर वीक कधीही लिहायचं नाही. तसं केलं की आर्चचं फंक्शनही वीक होतं, आणि दोन वीकमधलं लिंकर आधी भेटलेलं उचलतो. लिंकचा क्रम बदलला की कर्नलचं वागणं बदललं.

लहान आणि सतत बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनला वीक नकोच, कारण ते इनलाइन होत नाही, म्हणजे कंपायलर त्याचा कोड बोलावल्या जागीच उतरवत नाही. तिथं आर्चच्या ‘एएसएम’ फोल्डरमधल्या हेडरमध्ये स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहून लगेच खाली ‘#डिफाइन फू फू’ (‘फू’ म्हणजे त्या फंक्शनचं नाव). ‘लिनक्स’ फोल्डरमधलं हेडर आधी ते एएसएम हेडर इन्क्लूड करतं, मग ‘#इफएनडेफ फू’ (फू डिफाइन झालं नसेल तरच) खाली सामान्य रूप देतं. हा क्रम उलटा झाला तर घोळ. डिफाइन विसरलं तर एकाच फंक्शनच्या दोन व्याख्या म्हणून बिल्ड मोडतो, आणि ते चांगलंच: चूक बूटपर्यंत जातच नाही. वर ग्रेपला फंक्शनचं खरं नाव सापडतं, ‘हॅव्ह_आर्च’ने सुरू होणारी वेगळी खुणेची नावं धुंडाळावी लागत नाहीत.

बिल्ड निदान दोन आर्चवर करायचा, एक फंक्शन बदलणारं आणि एक न बदलणारं, हेही तुमचंच. रिस्क-फाइव्ह या आर्चसाठीचा आमचा पॅच (कोडमधला बदल) तयार होतो आहे. दोन्ही बिल्डचं एनएम आउटपुट सोबत जोडून पाठवतो.

तुमचे,
शनिवारचे विद्यार्थी, नागपूर