बान-फू

कॉवलून, हाँगकाँग

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलाखतीत दोन-तीन गोष्टींपलीकडे काही सांगताच आलं नाही, असं परवा फोनवर म्हणालास. तेव्हापासून तुला इथला एक शब्द कळवायचा होता.

कँटोनीज मंडळी कुणाच्या कसबाविषयी बोलताना 'बान-फू' म्हणतात. मूळ अर्थ रुंद पात्याची कुऱ्हाड. आपल्याकडे भात्यात बाण असतात, यांचं कुऱ्हाडीवर भागतं. नवी युक्ती लढवली की नवी कुऱ्हाड. सगळे उपाय करून झाले की सगळ्या कुऱ्हाडी काढून झाल्या. आमचा एक आराखडा गिऱ्हाइकाने चौथ्यांदा परत पाठवला तेव्हा शेजारचा सहकारी हेच पुटपुटला, आणि मी खुळ्यासारखा त्याच्या हातांकडे बघत राहिलो.

या कुऱ्हाडीचा धनी म्हणून चीनच्या थांग घराण्याच्या काळातल्या चंग याओजिन या सरदाराचं नाव घेतात. कथेकरी सांगतात, स्वप्नात एका म्हाताऱ्याने त्याला कुऱ्हाडीचे पुष्कळ हात शिकवले, पण जाग आल्यावर आठवले तीनच. एक डोकं फोडायचा, एक दात कोरायचा, एक कान कोरायचा. (नावं खरंच अशी आहेत, मी रचलेली नाहीत.) तेवढ्यात समोरचा गांगरला तर जिंकला, नाहीतर घोडा वळवून पसार! म्हणून 'तेवढ्या तीनच कुऱ्हाडी' म्हटलं की ती टिंगल. नुसत्या 'बान-फू'त टिंगल नाही.

गंमत अशी की खरा चंग इ.स. 665 मध्ये वारला, आणि थांग घराण्याच्या जुन्या इतिहासात तो घोड्यावरून लांब भाला चालवण्यात तरबेज होता असं लिहिलंय. कुऱ्हाड त्याच्या हाती मागाहून कथेकऱ्यांनी दिली. भाला बिचारा कुणाच्या लक्षातही नाही.

तुझ्याकडे तीन असल्याचं मला वाईट वाटलं नाही. तू घोडा फार लवकर वळवलास, याचं वाटलं. पहिल्याच प्रश्नाला अडलास आणि 'सॉरी' म्हणून मोकळा झालास. मे महिन्यात विहिरीचा पंप दोन दिवस खपून एकट्याने चालू केलास, ते त्यांना सांगितलंसच नाहीस! तुझ्या आईने मात्र ते मला तीनदा सांगितलंय.

सोमवारची मुलाखत किती वाजता आहे? निघण्याआधी फोन कर. आणि आईला सांग, मेतकूट संपलं.

तुझा,
बाबा