आकड्यांच्या पलीकडचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉलपटूंच्या पगाराच्या बातम्या आता मराठी दैनिकांतही येतात, याचा आनंद आहे. पण दोन आकडे शेजारी छापले की बातमी आटोपते. नवोदित खेळाडू केटलिन क्लार्कला २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीए या तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या पहिल्या मोसमाचे ७६,५३५ डॉलर, तर त्याच वर्षी एनबीए या पुरुषांच्या लीगमध्ये नव्या खेळाडूंतून पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या मुलाला सुमारे सव्वा कोटी डॉलर. तफावत खरी आहे आणि संतापजनकही. तिचं कारण करारात आहे. एनबीएच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंना जातो. महिलांच्या २०२० च्या करारात वाट्याच्या अटी इतक्या कडक होत्या की प्रेक्षक वाढले तरी पगार फारसे हलले नाहीत. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याआधीच्या सरावाला खेळाडू 'आमचं देणं द्या' अशा अर्थाचे टी-शर्ट घालून उतरल्या.

या खेळाडूंची बाकीची कमाई बुटांच्या जाहिरातींतून आणि परदेशी क्लबांतून होते. डब्ल्यूएनबीएची नामवंत खेळाडू डायना टॉरासीने २०१५ चा अमेरिकी मोसमच सोडला, कारण तिच्या रशियन क्लबने तिला विश्रांतीसाठी अमेरिकेतल्या पगारापेक्षा जास्त रक्कम देऊ केली होती.

आमच्या नागपाड्यातल्या, माटुंग्यातल्या मुलींचे पालक मात्र वेगळं विचारतात : 'यातून नोकरी मिळेल का?' त्याचं उत्तर छापून यायला हवं. २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीएत संघ १२ आणि एका संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू, म्हणजे जगभरातून जागा १४४. आपल्याकडे खरा आधार रेल्वेचा आणि राज्य शासनाच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचा.

रेल्वेच्या खुल्या क्रीडा भरतीला वय १८ ते २५ लागतं. चाचणी ४० गुणांची, त्यात किमान २५ मिळाले तरच पुढचा विचार. नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्राने भागत नाही. स्पर्धा कोणती, ती मान्यताप्राप्त संघटनेची आहे का, क्रमांक कितवा, हे सगळं बघतात. शिवाय कामगिरी चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतलीच धरतात. मुली अडतात त्या इथे. सिमेंटच्या कोर्टावर उडी मारून उतरताना गुडघा वळतो, एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो, शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला नऊ महिने ते वर्ष जातं. तेवढ्यात जुनं पदक मुदतीबाहेर गेलेलं असतं. उडीनंतर गुडघे आत न वळू देता उतरण्याचा सराव शाळेपासूनच आठवड्यातून दोन-तीनदा, वीस मिनिटं करून घेतला तर हा धोका बराच कमी होतो. दुर्दैवाने फार थोड्या शाळा तो घेतात.

राज्याच्या आरक्षणासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. पदाची जाहिरात येईपर्यंत थांबू नये. ऐनवेळी धावपळ करूनही मुदत हुकते.

क्रीडा कोट्याच्या जाहिराती आणि अर्जांच्या तारखा आपल्या क्रीडा पानावर ठळक चौकटीत नियमित द्याव्यात, ही विनंती.

– काही बास्केटबॉल प्रशिक्षक, नागपाडा, मुंबई