तीन पायांची खुर्ची

कोपनहेगन,
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे रंधा मशीन सुरू होतं, निम्मं काही कळलंच नाही. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर सांगितलं तर तू "हो का, बरं" म्हणून मोकळा होशील.

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये गर्दी ओसरल्यावर मी एक खुर्ची जमिनीवर उलटी केली. तुझ्या दुकानात लहानपण गेलंय, खोड जात नाही. खाली चार बारीक नळ्यांचे पाय आणि वर एकच्या एक प्लाय. बैठक आणि पाठ वेगळी नाहीच. कुठे सांधा नाही, चूळ नाही, खिळा नाही. कडेवर नख फिरवून थर मोजले, नऊ भरले. तिथल्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? आता त्यांना काय सांगू!

ही खुर्ची १९५५ सालची, नाव नुसतंच 'सात'. करणारा आर्ने याकोबसेन, इथलाच, कोपनहेगनचा. तिची थोरली बहीण म्हणजे 'मुंगी', १९५२ ची, नोव्हो या औषध कंपनीच्या कँटीनसाठी केलेली. प्लाय एका दिशेनं वाकवणं तुला नवीन नाही. पण दोन्ही दिशांनी वाकवायला गेलास तर जिथे बैठक संपून पाठ सुरू होते तिथे ती चिरते, नाहीतर चुणी पडते. यानं काय केलं, तिथलं लाकूडच कापून टाकलं. मुंगीची ती बारीक कंबर शोभेची नाही रे, प्लाय फाटू नये म्हणून आहे! आणि तिला पाय तीनच. तू म्हणशील, डगमगेल. उलट, फरशी कशीही असो, तीन पाय डगमगत नाहीत. फक्त बसणाऱ्यानं कडेला झुकताना बेतानं झुकावं. गोल टेबलाभोवती दाटीनं बसलं तरी पायात पाय येत नाहीत, हा त्याचा हिशेब. चार पायांची मुंगी निघाली ती तो गेल्यावर.

पण मी लिहायला बसलो ते खुर्चीसाठी नाही. या माणसाला व्हायचं होतं चित्रकार. बाप व्यापारी, त्याला वाटलं, त्यापेक्षा पोरगं आर्किटेक्ट झालेलं बरं. झाला बिचारा. मला एकदम आपले आण्णा आठवले. एलिमेंटरीला तुला 'ए' ग्रेड आली होती, आणि इंटरमिजिएटचा फॉर्म भरायच्या आठवड्यात त्यांनी तुला दुकानात उभं केलं.

याकोबसेनचे जलरंग मी इथल्या वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात पाहिले. पातळ, पाणी भरपूर, कागद जागोजागी तसाच सोडलेला. घासूनपुसून केलेलं काही नाही. खरी गंमत पुढे आहे. तो ज्यू. १९४३ मध्ये जर्मनांनी इथल्या ज्यूंची धरपकड सुरू केली, तेव्हा तो आणि बायको योना रात्री लहानशा होडीतून खाडी ओलांडून स्वीडनला पळाले. दिवे बनवणारा पॉल हेनिंग्सेनही त्याच होडीत होता. तिकडे इमारतींची कामं जवळजवळ नाहीतच. मग काय करावं? बसून झाडं रंगवली. रानफुलं, गवत, पानांचे गुंतवळे. योना कापड छापणारी होती. त्याची चित्रं तिनं कापडावर उतरवली आणि स्टॉकहोमच्या एका बड्या दुकानानं ती विकायला घेतली. दोन वर्षं हाच संसार. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोकळं काम तेच, पण इथे सगळे खुर्च्यांचंच कौतुक करतात.

युद्धानंतर परत आला आणि क्लाम्पेनबोर्गला समुद्राजवळ स्वतः बांधलेल्या घरांच्या रांगेत राहिला. आज सकाळी लोकलनं तिकडे जाऊन आलो. घरं पिवळट विटांची, छपरं तिरकी. आत जाता येत नाही, कुंपणाबाहेरून पाहिलं. बाग म्हणशील तर तुझ्या परड्याएवढी, पण तेवढ्यात त्यानं तीनशेच्या आसपास जातींची झाडं लावली होती म्हणे. 'अंडं' नावाची खुर्ची माहीत आहे ना, मोठ्या हॉटेलांच्या लॉबीत असते ती, माणूस आत बसला की दिसतच नाही? ती त्यानं घराच्या गॅरेजमध्ये प्लास्टरमध्ये घडवली, गणपतीच्या कारखान्यात करतात तशी. १९५८ सालची, एसएएस या विमान कंपनीच्या इथल्या हॉटेलसाठी. त्या हॉटेलात इमारतीपासून काट्या-चमच्यापर्यंत सगळं त्याचंच. खोली नंबर ६०६ अजून होती तशी ठेवलीय. एका रात्रीचं भाडं विचारलं आणि गप घरी आलो.

तुझ्या धंद्यातला एक किस्सा सांगतो. १९६३ साली लंडनमध्ये लुईस मॉर्ले नावाच्या फोटोग्राफरनं क्रिस्टीन कीलर या मॉडेलचा एक फोटो काढला, खुर्चीवर उलटी बसलेली. अख्ख्या जगाला वाटतं ती 'सात'. ती होती डुप्लिकेट! पाठीला हात घालायला भोकही पाडलेलं. आणि आज ती डुप्लिकेट व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तेव्हा गिऱ्हाईकानं मोबाईलवर फोटो दाखवून "अगदी अशीच पाहिजे" म्हटलं की तू तोंड वाकडं करतोस, ते जरा कमी कर.

सोबत कँटीनमधल्या खुर्चीची मापं पाठवतोय, टेप लावून घेतलीत. नऊ थर साच्यात दाबायला तुझ्याकडे प्रेस नाही हे ठाऊक आहे, नुसती बघ. पार्सलमध्ये जलरंगाची छोटी पेटी आणि दोन ब्रश आहेत, ते तुझे. आण्णांनी विचारलं तर पॉलिशचे आहेत म्हणून सांग. पण खरंच पॉलिशला लावलेस ना, तर पुढच्या दिवाळीला तुझ्या दारात येणार नाही.

आण्णांना आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
राजू