काल नेट गेलं नव्हतं

प्रिय चिनू,

काल नेट गेलं नव्हतं, मीच फोन ठेवला. नंतर तू दोनदा लावलास ते दिसलं, पण उचलला असता तर रडले असते आणि मग तू म्हणाला असतास, आई परत तेच. म्हणून लिहितेय. बाबांच्या फोनवरून, माझ्यात ‘ळ’ सापडत नाही.

आधीच सांगते, तुम्ही भाड्याने घ्यायचं म्हणताय त्या बेसमेंटबद्दल, त्या तळघरातल्या घराबद्दल मी या पत्रात एक शब्द लिहिणार नाहीये. राहायचंय तुम्हाला, भाडं भरणार तुम्ही, आम्ही इथे बदलापूरला बसून काय अक्कल शिकवणार. तीन महिने झाले, तिकडे कॅनडात टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला मित्राच्या एका खोलीत तिघं राहताय, एक तारखेच्या आत काहीतरी ठरवायलाच हवं, कळतं मला सगळं. ऋतूचा चेहरा बघितला काल. ती काही बोलली नाही, नुसती कॅमेरा फिरवत होती, आई हे किचन, आई ही बाथरूम, आणि मग ती छताला चिकटलेली खिडकी आली आणि तिच्यातून कुणाचे तरी बूट जाताना दिसले. बूट दिसले रे चिनू. माणूस नाही, नुसते बूट.

बघ, लिहिलंच.

असो, पैशाचं बोलू. बेसमेंट 1900 डॉलर आणि तो टोरोंटोतल्या थॉर्नक्लिफ पार्कचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट 2600. तू म्हणालास आई सातशे डॉलर म्हणजे आमचं महिन्याचं वाणसामान. खरंय. पण बाबा दोन दिवस वहीत हिशोब मांडून बसलेत (रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी हिशोब दिलाच नव्हता, भलतेच खूश आहेत) आणि त्यांचं म्हणणं असं की ब्रॅम्प्टनला त्या घरातून गाडीशिवाय तुमचं भागणार नाही, आणि ब्रॅम्प्टनमध्ये गाडीचा इन्शुरन्स अख्ख्या ऑन्टॅरियो राज्यात महागातला. गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, पेट्रोल, वर बर्फाचे टायर धरलेस तर तुझे सातशे उरतात कुठे ते तूच बघ. थॉर्नक्लिफहून टीटीसीची, म्हणजे टोरोंटो शहराची बस, 3 डॉलर 30 सेंट कार्डावर, दोन तासांत कितीही वेळा बदला, आणि 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच नाही. म्हणजे ईरा फुकट. तू म्हणशील माझा वेअरहाऊसचा जॉब ब्रॅम्प्टनला आहे. आहे ना, पण तो किती दिवस करणार आहेस? इंटरव्ह्यू तर सगळे डाउनटाउनचे येतायत. तात्पुरत्या नोकरीच्या शेजारी कायमचं घर कशाला बांधतोस. आणि मधल्या काळात जायचंच असेल तर 2024 पासून गो ट्रेन, म्हणजे तिकडची लोकल, आणि टीटीसी एकमेकांना जोडून घेतली तर टीटीसीचे वेगळे पैसे पडत नाहीत म्हणे. तुला माहीत असेल. वेळ जाईल ते मान्य. वेळेचं मला नको सांगू, तुझे बाबा 27 वर्षं बदलापूर ते फोर्ट जाऊन आलेत, तुझा बाप तुला फक्त रविवारी उजेडात दिसायचा.

लेक्चर झालं का? सॉरी. पण एक अजून, हे भांडणातलं नाही, व्यवहाराचं आहे. तो बेसमेंटवाला मालक सहा महिन्यांचं भाडं एकदम मागतोय, का तर तुमची क्रेडिट हिस्टरी नाही. ऑन्टॅरियोत कायद्याने डिपॉझिट म्हणून फक्त शेवटच्या एका महिन्याचं भाडं घेता येतं, आणि सरकारचा ठरलेला भाडेकरार 2018 पासून आहे, तो मागून घे. सहा महिने म्हणजे पागडीच की. आजोबांनी लालबागला पागडी भरून खोली घेतली होती तेव्हा निदान गिरणी समोर होती. आणि दुसरं, थॉर्नक्लिफच्या बिल्डिंगा 1960 च्या आसपासच्या, जुन्या आहेत, पण जुन्या आहेत म्हणूनच त्यांचं भाडं दरवर्षी सहसा सरकार ठरवतं तेवढंच वाढतं. 15 नोव्हेंबर 2018 नंतर जी जागा पहिल्यांदा राहायला दिली तिला ती मर्यादाच नाही. ते बेसमेंट नवीन काढलंय म्हणालास ना, टाइल्स चकाचक दिसल्याच मला. मग पुढच्या वर्षी तो 1900 चे 2300 म्हणाला तर?

लिफ्ट बंद पडते, झुरळं आहेत, कपडे धुवायला खाली जावं लागतं, हे ऐकलं मी. झुरळं असू देत. झुरळांना औषध असतं.

बाबा म्हणतात थॉर्नक्लिफ पार्क पूर्वी घोड्यांच्या रेसचं मैदान होतं, मग तिथे टॉवर उठले आणि आता बाहेरून नवीन आलेली माणसं आधी तिथेच उतरतात. मला ऐकून एकदम आपली बदलापूरची सुरुवातच आठवली. 1998 ला इथे आलो तेव्हा स्टेशनबाहेर चिखल, रात्री बेडूक, आणि बिल्डिंगमधला प्रत्येकजण कुठून तरी आलेला, एक साताऱ्याचे, एक गिरगावातून भाऊबंदकीत बाहेर पडलेले, खालचे कोकणातले. कुणाचंच कुणी नव्हतं म्हणून सगळे एकमेकांचे झाले. स्वस्त म्हणून आलो होतो, दुसरं काही कारण नव्हतं. लोक हसायचे, बदलापूर म्हणजे कर्जतच की. हसू देत म्हणायचे बाबा. त्यामुळे स्वस्त भागात घर घेताय याचं मला काही वाटत नाही रे, ते गैरसमज करून घेऊ नकोस. स्वस्त भागात घर घेऊनच आम्ही तुम्हाला दोघांना शिकवलं.

तळमजला मात्र मी घेतला. हे तुला कधी बोलले नाहीये. बिल्डर त्याच भावात पहिला मजला देत होता, बाबांना पहिलाच हवा होता, मी म्हणाले नको, आईंचे गुडघे, त्या जिने चढणार कशा. दोन दिवस धरून बसले. मग घेतला तळमजला.

तू सहावीत होतास. 26 जुलै 2005. तुला काय आठवतं मला माहीत नाही, तू त्याचं कधी बोलत नाहीस. संध्याकाळी लाइट गेले, रात्री उल्हास नदीचं पाणी दाराखालून आलं, आधी अगदी बारीक, मी पोतं लावलं, मग पोतं उचलून आत आलं. सिलिंडर आडवा झाला आणि तरंगत तरंगत भिंतीला आपटायला लागला, ठण्, मग थोडं थांबून परत ठण्. आजींना, स्नेहाला आणि तुला माळ्यावर चढवलं. तू आजोबांचं घड्याळ काढून मांडीवर घेतलं होतंस आणि टॉर्च मारून दर पाच मिनिटांनी मला सांगत होतास, आई, आता ओट्याच्या वर आलं. रडला नाहीस. वरच्या काकूंनी दोन साड्या बांधून सोडल्या तेव्हा आधी स्नेहाला बांध म्हणालास. बाबा 28 तारखेला पोचले, रुळांवरून चालत, पायात चप्पल नव्हती. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा कळलं सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला. आमच्याकडे किती पडला ते मोजणारं कुणी नव्हतं, तू होतास.

आता तू म्हणशील आई टोरोंटो म्हणजे बदलापूर नाही. नाहीच. पण बाबांनी यूट्यूबवर काढलंच. 8 जुलै 2013 ला तिथे 126 मिलिमीटर पडला आणि गो ट्रेन डॉन नदीच्या पाण्यात उभी राहिली, माणसं बोटीने काढली. आपल्याकडे 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीला अडकली होती ना, तेच चित्र, फक्त डबे हिरवे. 16 जुलै 2024 ला परत जवळजवळ 98. आणि दोन्ही वेळा पाणी आधी कुठे शिरलं असेल सांग.

मी नाही म्हणत घेऊ नकोस. (म्हणतेच आहे, माहितेय.) सातशे डॉलर आम्ही पाठवू शकत नाही हेही माहितेय, आणि त्या बोलण्यावरून तू चिडलास ते बरोबरच होतं, मी स्नेहाचं नाव मध्ये आणायला नको होतं. घ्यायचंच असेल तर एवढं विचार मालकाला: महापालिकेत हे बेसमेंट वेगळं घर म्हणून नोंदवलंय का, ब्रॅम्प्टनमध्ये नोंदणी लागते. गटाराचं पाणी उलटं येऊ नये म्हणून पाइपात व्हॉल्व्ह बसवलाय का, पाणी उपसायचा पंप आहे का. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतः बटण दाबून वाजवून बघ. भाडेकरूचा इन्शुरन्स घेशील त्यात गटार तुंबून आत आलेलं पाणी धरलंय का, ते बऱ्याचदा वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. आणि दाराशिवाय दुसरी बाहेर पडायची वाट कुठली. तो जर म्हणाला खिडकी, तर ऋतू त्या खिडकीतून बाहेर निघते का बघ. खरंच निघून बघा, हसू नका. ईराला हातात घेऊन.

ईराला सप्टेंबरपासून तिकडे बालवाडी पूर्ण दिवसाची, तीही सरकारी, हे ऐकून फार बरं वाटलं. शाळा पत्त्यावरून मिळते म्हणालास, म्हणजे आधी घर मग शाळा. तिला विचारलं मी काल, तुला कुठलं घर आवडलं, तर म्हणाली आजी वरच्या घरातून ट्रक छोटे दिसतात.

गोडा मसाला आणि मेतकूट कुलकर्ण्यांच्या मुलाबरोबर पाठवतेय, तो वीस तारखेला निघतोय. ऋतूला सांग तिच्या परीक्षेची पुस्तकं माळ्यावरच्या पेटीत सापडली, स्कॅन करून पाठवायचं बाबा शिकतायत.

आणि ती खिडकी टेप लावून मोज. जमिनीपासून किती वर, आणि रुंदी किती. बाबा म्हणतायत इंचात पाठव, मला फुटात सांग.

आई