सॉसच्या दोन बाटल्या

नारायणगाव, गुरुवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

भाऊकाका पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर पिशवी देतेय. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून हे लिहून. अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर येऊन पडलीस, हे मला तुझ्या रूमवरच्या मुलीकडून कळावं! असो. त्याविषयी एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलेय.

मोटारीजवळच्या वाफ्यात हौसेने लावलेली टोमॅटोची सात झाडं यंदा लगडलीत. बाबा म्हणाले, मार्केटला वीस किलोचं क्रेट कुणी विचारेना आणि तुला सॉस सुचतोय. 2023 च्या जुलैत किलोचा भाव शंभराच्या वर गेला तेव्हा याच माणसाने मला आमटीला दोन टोमॅटो मोजून दिले होते.

तू कसा करायचा विचारलं होतंस ना, सांगते. झाडावरच लालबुंद झालेले, बोटाने दबणारे घ्यायचे. मी पाच किलो घेतले. पाण्याचा थेंब न घालता स्टीलच्या पातेल्यात शिजवले, चाळणीवर चोळून रस काढला. कांदा, आलं, लसूण, दालचिनी, मिरी, लवंग मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी रसात सोडायची. लवंगेची डोकी मात्र खुडून टाक, नाहीतर बाटलीच्या गळ्याशी काळं कडं धरतं. कृषी विज्ञान केंद्रातल्या बाईंनी सांगितलेलं, तेव्हा तू माझ्या मांडीवर बसून नमुन्याचा सॉस संपवत होतीस.

रक्ताचा रिपोर्ट आला का? हिमोग्लोबिन किती निघालं?

तर साखर. किलोभर रसाला पाऊण वाटीच्या आतच. तीतली थोडी सुरुवातीला घालायची, उरलेली रस आटून तिसरा हिस्सा राहिला की. मीठ आणि व्हिनेगर अगदी शेवटी. बशीत थेंब टाकून बघ, भोवती पाणी सुटलं तर अजून आटू दे. पाच किलोच्या जेमतेम दोन बाटल्या झाल्या. अडीच तास गॅसपाशी होते, हातावर चार ठिकाणी शिंतोडे उडाले. ते सांगायला नको होतं, तू म्हणशील उपकार मोजतेय.

पहिल्या वर्षी ‘घरचं ते घरचं’ म्हणून मी व्हिनेगरच घातलं नव्हतं. आठवतं? मध्यरात्री माळ्यावर बूच उडालं, आजोबा काठी घेऊन उठले, चोर समजून. भिंतभर आंबलेला सॉस, आणि तू बोटाने तो चाटतेयस. मी आधी पाठीत धपाटा घातला आणि मग तुला पोटाशी धरून रडत बसले. पाच वर्षांची होतीस. घाबरले की माझं असंच होतं गं. परवा फोनवरही तेच झालं. ‘एवढ्या अभ्यासाचा उपयोग काय’ असं मी म्हणायला नको होतं. खरं तर पूर्वपरीक्षा निघाली तेव्हा बाजारात सगळ्यांना सांगून झालं होतं माझं. दुधाच्या माणसालाही.

पण गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस. चहाने लोह अंगी लागत नाही, जेवणात लिंबू पिळ. सकाळी नुसत्या चहावर सात ते एक बसायचं, मग वडापाव, रात्री डब्यातली अर्धी पोळी परत. कशी उभी राहणार तू? आणि सॉस पाठवला म्हणून रोज मॅगी करून खाशील तर... बघ, लागले की मी. राहू दे.

बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून, गरम सॉसच भरलाय, पण टिकवायची पावडर घातलेली नाही. आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेव, ओला चमचा घालू नकोस. घरमालकीणबाईंनाही थोडा दे, त्यांनीच तुला रिक्षाने दवाखान्यात नेलं ना.

काका रविवारी परत निघतात. बाटल्या लगेच रिकाम्या होणार नाहीत, पण पिशवी परत पाठव. रिकामी नको. रिपोर्ट घडी करून आत ठेव, मूळ कागद, फोटो नको. बाबांचा चष्मा असूनही त्यांना मोबाईलवरचं दिसत नाही, असं ते म्हणतात. परवापासून तीनदा विचारून झालंय त्यांचं.

तुझी आई