मॅडम, तुम्ही ती रेकॉर्ड खरंच ऐकलीत!

मॅडम, मेलवर थँक्यू म्हणून झालंय, पण तेवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. संगीताच्या इतिहासात पीएचडी आणि तीही पूर्ण फंडिंगसकट, अजून खरं वाटत नाहीये.

माझा विषय ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण ३ मिनिटं मावायची, तेवढ्यात बसवायला कलाकारांनी काय गाळलं, काय उरकलं, ते मला शोधायचंय. पीएचडीच्या प्रपोजलसोबत एका रेकॉर्डची ऑडिओ लिंक तुमच्यासकट सगळ्याच प्राध्यापकांना पाठवली होती. बहुतेकांचं उत्तरच नाही. एका डिपार्टमेंटने अभिनंदनाचं पत्र धाडलं आणि शेवटी हळूच, फंडिंग नाही, खर्चाचं तुमचं तुम्ही बघा! एक सर "विषय छान आहे" म्हणाले नि जे गायब झाले ते झालेच. अरे नाही तर नाही म्हणा ना, माणसाला ताटकळत कशाला ठेवता?

आणि मग तुमचं उत्तर आलं. "२:१० नंतर लय वाढते पण सूर चढत नाही, म्हणजे मशीनचा वेग बदललेला नाही, गायिकेनेच घाई केलीय. बाजू संपत आली म्हणून का?" मी खुर्चीतून उठलेच. म्हणजे तुम्ही लिंक उघडलीत, ती सगळी खरखर सहन करून कान देऊन ऐकलंत, वेग बदलला तर सूरही बदलेल हे ताडून पाहिलंत, आणि हे सगळं ओळख ना पाळख अशा मुलीसाठी. पुढचं काहीच झालं नसतं ना, तरी त्या एका ओळीवर मी खूप दिवस काढले असते.

तुमच्याकडे जागा नव्हती, ते तुम्ही पहिल्याच मेलमध्ये सरळ सांगितलंत. आणि बजावलंत की गाइडचं नाव कितीही मोठं असो, पैशाची सोय नसेल तर हो म्हणू नकोस. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड, बदल्यात शिकवायचं, आणि नॉर्वे, नेदरलँड्ससारख्या देशांत पीएचडी म्हणजे बऱ्याचदा पगारी नोकरीच, तिची जाहिरात निघते, हे इतकं उलगडून मला कोणीच सांगितलं नव्हतं. वर तुम्ही स्वतःहून दुसऱ्या प्राध्यापकांना माझ्याबद्दल लिहिलंत, आणि त्यांच्याच प्रोजेक्टमध्ये आता मी जातेय.

इतकं शिकून, इतक्या वर पोचूनही समोरच्याचं काम मनापासून बघणारी माणसं आहेत, हे बघून फार बरं वाटतं हो. तीन मिनिटांचा तर प्रश्न होता, पण ती तुम्हीच दिलीत.

पहिलं प्रकरण त्या २:१० च्या जागेवरच लिहायचं ठरवलंय. कच्चं झालं की आधी तुम्हालाच पाठवते, आणि आभारांच्या पानावर तुमचं नाव सगळ्यात वर असणार, तुम्ही नको म्हणालात तरी.