अण्णांच्या पानातली फरसबी

नाशिक,
गुरुवार, रात्री

प्रिय शैला,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. माझं बीपी गोळीवर, ह्यांची शुगर कधी खाली कधी वर, आणि गुडघे तुझे तसेच माझे. झालं प्रकृतीचं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं अर्धं पोटात राहतं. म्हणून कागद घेतला.

काल रात्री अण्णांनी फरसबी ताटात डावीकडे वाढून घेतली. स्वतः सांगून.

दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "बरं, मग?" ह्यांनी मान हलवली आणि बातम्या लावल्या. पण तू आमच्या वाड्यात जेवलेली आहेस. तू कोशिंबीर उचलून भातात कालवलीस म्हणून अण्णांनी भर पंगतीत तुला मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी कुठे, भाजी कुठे, असं सगळं पान पहिल्यापासून शिकवलं होतं. आणि तू म्हणालीस, "काका, पोटात गेल्यावर डावं-उजवं कोण बघतं?" आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली होती. अगं, तेच अण्णा हल्ली पानात काय पडलंय ते बघतसुद्धा नाहीत. काल त्यांनी माझा हात वाटेत थांबवला आणि म्हणाले, "गार आहे, तेल सुटलंय. हे तोंडीलावणं झालं. डावीकडे वाढ." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

आई गेल्यापासून त्यांचं जेवण कमी होत गेलं ते तू बघितलंयस. तू आलीस तेव्हा निदान भाकरी दुधात कुस्करून खात होते. मग उरलेले दात काढले, कवळी आली. कवळी रुळायला वेळ लागतो, हिरड्या हुळहुळतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण तेव्हापासून सकाळी दहीभात, रात्री दहीभात, फार तर दुधात पोळी. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. वयाच्या मानाने सगळं उत्तम म्हणतात. शर्टाची कॉलर मात्र गळ्याभोवती सैल झालीय आणि घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरतं.

खरं सांगू, खाण्यापेक्षाही मला दुसरंच टोचत होतं. पेपर आला की अण्णा आधी बाजारभाव उघडायचे. आडतीवरचं काम सुटून इतकी वर्षं झाली, तरी पिंपळगावला टोमॅटोचं कॅरेट काय गेलं, गिरणाऱ्याला काय गेलं, हे मोठ्याने वाचल्याशिवाय चहाचा दुसरा घोट नाही. २०२३ आठव. जुलैत टोमॅटो शंभराच्या पुढे गेला म्हणून सगळा देश ओरडत होता, आणि पावसाळा सरेपर्यंत तोच टोमॅटो आपल्याकडे रस्त्यावर ओतायची वेळ आली. तेव्हा वीस किलोच्या कॅरेटमागे तोडणी किती, गाडीभाडं किती, हमाली किती, हा हिशेब त्यांनी मला बोटांवर करून दाखवला होता आणि शेवटी त्यांचा आवाज बसला होता. त्या माणसाचा पेपर आता घडी न मोडता तसाच पडलेला असतो. मी मुद्दाम विचारते, "अण्णा, आज काय भाव?" तर म्हणतात, "असेल काहीतरी."

दादाचं म्हणणं, दिवाळीनंतर त्यांना पुण्याला न्यायचं. वहिनीने आहाराचा तक्ता करून आणलाय. डाळ, गाजर, दुधी, फरसबी, सगळं शिजवून मिक्सरमधून काढायचं, त्यात प्रोटीनची पावडर, दिवसातून चार वेळा वाडगाभर. बाई ठेवणार आहेत. वहिनी मनापासून करेल, तिच्याबद्दल माझा एक शब्द नाही, आणि तक्तासुद्धा चांगलाच आहे. पण शैला, ज्या माणसाने जन्मभर पान मांडून जेवायचं म्हणजे काय ते आपल्याला शिकवलं, त्याच्यापुढे हिरवट पातळ कालवून वाडगा ठेवायचा? मला रात्री झोप लागत नाही ती ह्याने. चावता येत नाही हे खरं, मऊ पाहिजे हेही खरं. पण मऊ म्हणजे गाळ नव्हे ना गं! त्यांना घासात काहीतरी सापडलं पाहिजे.

आणि तेवढ्यात तुझ्या केतकीचा तो मेसेज तू पुढे पाठवलास. तू काय गंमत म्हणून पाठवलास, मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. तिकडे तुर्कस्तानात, इझमिरला, तिच्या घरमालकीणबाई फरसबी टोमॅटोत तासभर मंद शिजवतात, भरपूर ऑलिव्ह तेलात, आणि पूर्ण गार करून भाताबरोबर आणि दह्याबरोबर बाजूला वाढतात. ताझे फासुल्ये. शिवाय तिच्या वर्गातली बेरूतची मुलगी म्हणते की हे आमचं लुबिये, ह्यात लसूण दुप्पट हवा. आणि ग्रीक मुलगा म्हणतो, आमचं फासोलाकिया, ह्यात बटाटा पाहिजे. तिघंही भांडतात म्हणे. केतकी अगदी तुझ्यावर गेलीय, भांडणं लावून देऊन स्वतः जेवत बसते.

मी लावलेला नियम एकच, ह्यात आपलं काही घुसडायचं नाही. मोहरी नाही, हिंग नाही, हळद नाही, गोडा मसाला तर नाहीच. हात डब्याकडे जातच होता, मागे घेतला. काल बुधवार, म्हणून सकाळीच गोदाघाटावरच्या बाजारात गेले (सिंहस्थाच्या कामांनी रस्त्यांची अशी दशा आहे की रिक्षा मध्येच सोडून चालावं लागलं). कोवळी फरसबी हवी असं आपण म्हणतो, पण ह्याला जरा जून, दाणा भरायला लागलेली शेंग चालते, उलट तीच बरी. अर्धा किलो घेतली. शिरा काढल्या, बोटाएवढे तुकडे केले. अर्धी वाटी शेंगदाण्याचं घाण्याचं तेल. हो, अर्धी वाटी, डोळे मोठे करू नकोस. गार खायचं म्हणून तेलच पाहिजे, तूप घातलं तर गार झाल्यावर थिजून टाळ्याला चिकटतं. त्यात एक मोठा कांदा उभा चिरून नुसता मऊ केला, लाल नाही. सहा पाकळ्या लसूण. मग फरसबी आणि मीठ, झाकण ठेवून दहा मिनिटं तिच्याच वाफेवर.

टोमॅटो नंतर. का ते तुला मी सांगायला नको, आरवायके कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर होतीस. आंबटात पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून टोमॅटो पडला की शेंग मऊ व्हायला वेळ घेते. तासभर लागतो तो ह्यासाठीच. पण त्याच आंबटपणामुळे तासाभराने शेंग आतून लोण्यासारखी होते आणि बाहेरून आख्खी राहते! नुसत्या पाण्यात एवढा वेळ उकळली असती तर लगदा झाला असता. मला हवं होतं ते नेमकं हेच. कुकर लावायचाच नाही, शिटीत शेंगा फुटतात आणि रस पाणचट राहतो. सोडाही नाही. सोड्याने हिरवी राहील, पण बुळबुळीत होईल. रंग जातो तो जाऊ दे. क्लोरोफिलमधून मॅग्नेशियम निघून गेलं की मेंदीच्या वाळक्या पानासारखा रंग येतो. वहिनी फोटो बघून म्हणाली, "जास्त शिजली का हो?"

टोमॅटो चार, अर्धे कापून किसणीवर किसले. हल्लीच्या टोमॅटोची साल लांबच्या गाडीला टिकावी म्हणून जाड असते, शिजली की सुरळी होऊन कवळीखाली जाते. किसला की साल हातात राहते. चमचाभर साखर, अर्धी वाटी पाणी, गॅस अगदी बारीक, झाकण. मध्ये एकदा ढवळलं, तेही हलक्या हाताने. रस आटून तेल कडेला आलं तेव्हा बंद केलं आणि भांडं तसंच झाकून ठेवलं ते रात्रीपर्यंत.

रात्री मुगाची खिचडी, घट्ट दही, आणि ही. पुढचं तुला सांगितलंच. पहिल्या घासाला ते थांबले. मला वाटलं, कवळी टोचली. तर म्हणाले, "शेंग आहे ही!" आणि दुसऱ्यांदा मागितली. मग म्हणाले, "टोमॅटो कसे आणलेस?" शैला, भाव विचारला त्यांनी! मी सांगितला, तर म्हणाले, "तुला महाग लावले." मला इतका आनंद झाला. मग मी केतकीचं सगळं सांगत बसले. तिकडे एका चपट्या शेंगेच्या जातीला बाईचं नाव आहे, आयशे कादिन. तर म्हणतात कसे, "त्यात काय, आपल्याकडे वैशाली होती, रूपाली होती." आणि वैशालीच्या टोमॅटोला कसा रस होता, रविवारी तोडलेला माल मंगळवारी कसा मऊ पडायचा, आडतीवर पेटीत खाली कोण काय लपवायचं, अशी गाडी सुरू झाली ती साडेनऊपर्यंत. ह्यांनी टीव्ही बंद केला, म्हणजे बघ.

आता आजचं सांगते, कारण आनंदाने अर्धंच सांगितलं असं नको. आज दुपारी तीच फरसबी, मुरून कालच्यापेक्षा चांगली लागत होती, आणि त्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. "नको आता." पेपरची घडी तशीच. रात्री पुन्हा दहीभात. मला हे होणार हे ठाऊक होतं, तरी पोटात खड्डा पडलाच. एका भाजीने माणूस भरून येत नाही. पण काल ते होते तिथे, पूर्ण होते, तुझ्याशी पंगतीत वाद घातला होता तेव्हाचे. ते आत आहेत, आणि वाडगा पुढे केला की बाहेर येणार नाहीत, हे मला पक्कं कळलंय. दादाला हे कसं पटवायचं ते सांग. तो रविवारी येतोय. तो आकडे विचारणार, वजन किती वाढलं विचारणार, आणि माझ्याकडे सांगायला "डावीकडे वाढ म्हणाले" एवढंच आहे.

मी ठरवलंय की नेऊ द्यायचं नाही. निदान थंडी संपेपर्यंत तरी नाही. तांबडा भोपळा, वांगं, दुधी, सगळं असंच तेलात-टोमॅटोत सावकाश करून बघणार आहे. प्रोटीनचं तर मुगाच्या खिचडीत, दह्यात बसतंच की थोडंफार. उरलेलं पावडरीने होऊ दे, दुधातून देईन. दादाने आडवं लावलं तर भांडेन. भांडायला मी तुझ्याकडूनच शिकले. (ती निळी छत्री तूच हरवलीस, हे मी आजही म्हणते.)

तुझं काय? पाठीचं काय म्हणाले डॉक्टर? केतकी संक्रांतीला येतेय की उन्हाळ्यात? भाडेकरू गेले का एकदाचे? शरदरावांना नमस्कार, आणि कोल्हापुरात पाऊस थांबला का ते कळव.

एक काम कर मात्र, आणि लगेच कर. अण्णांना वेगळं पत्र टाक. खुशाली विचारू नकोस, तब्येत तर मुळीच नको. मुद्दाम लिही की कोशिंबीर भातात कालवूनच चांगली लागते आणि फरसबी ही भाजी आहे, तिची जागा उजवीकडे. पत्ता तोच. अक्षर जरा मोठं काढ, चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा. उत्तर ते स्वतः लिहितील असं मी बघते, आणि ते दादाला दाखवीन.

तुझी,
मंदा